दुसऱ्या हाकेनंतर कट

१. रिकामा डबा

भोंगाकाका ओरडत नाहीत. नाटकाचा ध्वनी सांभाळणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करतो, स्वतःचा फुकट घालवत नाही. त्यामुळे त्या सकाळी ध्वनिखोलीच्या काचेआडून ते नुसतेच दोन्ही हात हलवू लागले, तेव्हा मला वाटलं चहा सांडला असेल. मी जिना चढून वर गेले, तर टेबलावर पत्र्याचा गोल डबा उघडा पडला होता आणि त्यात टेप नव्हती.

कुठली टेप ते आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ याच प्रश्नावर उभा आहे. आमच्या कंपनीचं एक जुनं नाटक आहे. त्यात एक मुलगी घर सोडून जायला निघते. बाहेरच्या खोलीत ती बॅग भरत असते आणि आतून आई तिला दोनदा हाक मारते. आई रंगमंचावर येतच नाही, नुसता तिचा आवाज येतो. नाटक नवं होतं तेव्हा कंपनीतल्या एका नटीने तो आवाज दिला होता. फिरत्या चक्राची ती जुनी, तपकिरी टेप. नंतर वर्षाच्या आत ती नटी आजारपणात गेली. तिची तान्ही मुलगी वडलांबरोबर दुसऱ्या गावी गेली आणि तिथेच वाढली. गेल्या महिन्यात कोठार आवरताना भोंगाकाकांना ती टेप सापडली, म्हणून तर नाटक पुन्हा उभं राहिलं. आणि त्यातल्या मुलीचं काम करायला तीच तान्ही मुलगी आली. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण कंपनी अजून तिला छोटीच म्हणते.

मी प्रॉम्प्टर. विंगेत बसून लोकांना त्यांचीच वाक्यं सांगायची, हे माझं काम. छोटीची वाक्यं पाठ करून घेताना एकदा ती म्हणाली होती, "ताई, आईचे फोटो घरी खूप आहेत. चेहरा मला पाठ आहे तिचा. पण तो चेहरा बोलत नाही गं."

तिने हे काम घेतलं ते त्या दोन हाकांसाठी. आणि आमच्या दिग्दर्शकांना काय बुद्धी सुचली, तर त्यांनी रंगीत तालमीपर्यंत तिला टेप ऐकवायचीच नाही असं ठरवलं. का, तर चेहऱ्यावर खरं काहीतरी उमटायला हवं. दुसरी प्रत काढू म्हणून भोंगाकाका मागे लागले होते, त्यावरही दिग्दर्शकांचं उत्तर "प्रयोग होऊ द्या, मग बघू". आज संध्याकाळी रंगीत तालीम होती. छोटी खाली रंगपटात आरशासमोर बसली होती, आणि आम्ही दोघं वर त्या रिकाम्या डब्याकडे बघत होतो.

खोलीचं कुलूप कधीचंच मोडलेलं. म्हणजे कुणीही आत येऊ शकत होतं.

२. मावशी

पोलिसांत जायचं म्हटलं तर काय सांगणार, टेप चोरीला गेली? हसून घालवलं असतं. मी मावशीला फोन केला.

माझी मावशी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत संपादक आहे. इंग्रजीतले साधे साधे शब्द तिच्या वाट्याला येतात, आणि तिच्या मते साध्या शब्दांइतके लबाड दुसरे कुणी नाहीत. सध्या ती 'रन'मध्ये अडकली आहे. नाक रन होतं, धुण्यात रंग रन होतो, दुकान रन करतात, फलंदाज रन काढतो. जेवताना हे सगळं ऐकावं लागतं. "शब्दाला स्वतःचं घर नसतं," ती म्हणते, "ज्याच्याकडे उतरेल त्याच्यासारखा वागतो."

माझी आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. ती आईची धाकटी बहीण, आवाज अगदी तोच. अजूनही ती स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा क्षणभर मला भलतंच वाटून जातं आणि मी उत्तर द्यायला उशीर करते. तिला ते कळतं. ती पुन्हा हाक मारते, मुद्दाम. माझ्याजवळ निदान एवढं तरी आहे, आणि छोटीजवळ तेही नव्हतं, म्हणूनच बहुधा मी त्या सकाळी इतकी घाबरले होते.

मावशी आली, गुडघ्यांना शिव्या देत पहिल्या रांगेत बसली आणि तिने विचारलं, मी लोकांना नेमकं काय विचारलं होतं.

मी सांगितलं, टेप पाहिली का, एवढंच. रील म्हणायची सोय नाही, रील म्हटलं की तरुण नट लगेच मोबाइल पुढे करतात.

"हं," मावशी म्हणाली. तिचं हे 'हं' मला लहानपणापासून आवडत नाही. त्यानंतर काहीतरी माझ्या अंगाशी येतं.

तेवढ्यात शिडीवर चढून दिवे बांधणाऱ्या वायरमनला खालून कुणीतरी तोच प्रश्न विचारला. तो दिव्यावरची नजरही न काढता म्हणाला, "टेप ना? सकाळीच मास्टरना दिली की मी."

३. गळ्यातली टेप

मास्टर म्हणजे आमचे शिंपी. कपडेपट त्यांच्या ताब्यात. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे ते एकटेच उरलेत, भोंगाकाकाही नंतरचे. लग्न केलं नाही, कुणी विचारलं की म्हणायचे, माप जुळलं नाही. त्यांचं सगळं बोलणं असं कापडातून येतं.

आम्ही सगळे कपडेपटाकडे धावलो. दिग्दर्शक सर्वांत पुढे. दार ढकलून त्यांनी दरडावून विचारलं, टेप कुठे आहे. मास्टर हातात निळ्या कापडाचं काहीतरी गोलसर शिवत बसले होते. त्यांनी दिग्दर्शकांकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता गळ्याकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची मापाची टेप लोंबत होती, गेली कित्येक वर्षं लोंबते तशीच.

मागून वायरमन धापा टाकत आला. त्याने खिशातून काळ्या चिकटपट्टीचं वेटोळं काढलं. "ही हो साहेब. वायरीला गुंडाळतात ती. मास्टरनी हातभर मागितली, मी दिली. त्यात काय बिघडलं?"

कुणीतरी फिदकन हसलं. दिग्दर्शकांचे कान लाल झाले. मास्टर मात्र हसले नाहीत, एरवी असल्या फजितीवर त्यांनी चार दिवस काढले असते. छोटी दारात उभी होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. हल्ली ते तिच्या मापाच्या वेळीसुद्धा खालीच बघायचे, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

मावशीने आपल्या बाहीचा सुटलेला दोरा दाखवला आणि कात्री मागितली. मी डोळे मिटले. मास्टरांच्या कात्रीला कुणी हात लावत नाही. एकदा एका नटाने त्या कात्रीने कागद कापला होता, तर मास्टर आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते आणि त्याच्या विजारी तोकड्या होत गेल्या होत्या. पण वयाने वडील बाई समोर, नाही कसं म्हणणार? त्यांनी कात्री दिली. मावशीने दोरा कापला. तो पात्यालाच चिकटून बसला. तिने तो बोटांनी ओढून काढला आणि कात्री मुठीकडून परत केली.

"शिवणयंत्र छान ठेवलंय," ती म्हणाली आणि उगाच वाकून टेबलाखाली पाहिलं. खाली चिंध्या आणि धाग्यांचा गालिचा झालेला, मध्येच एक लखलखीत चौकोन. चला, मास्टरांनी एकदाची झाडलोट सुरू केली, मी मनात म्हटलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, आता कोण उरलं? मावशी म्हणाली, अजून कुणी गेलेलंच नाही.

४. दिग्दर्शकाचा कट

भोंगाकाकांशी मावशी बराच वेळ बोलली. काकांवर संशय घ्यायचा तर सोपं होतं: डबा त्यांच्याच टेबलावर, टेप त्यांनीच शोधलेली. पण त्यांचा चेहरा असा होता की जणू घरातलंच कुणी हरवलंय. त्यांनी सांगितलं की काल सकाळी दिग्दर्शकांनी इंटरकॉमवरून त्यांना शेवटच्या सूचना दिल्या, तेव्हा टेप डब्यात होती. संध्याकाळी निघताना डबा झाकलेला होता, त्यांनी उघडून पाहिला नाही.

सूचना काय होत्या, मावशीने विचारलं. तिला शब्द हवे होते, सारांश नको होता.

"म्हणाले, दुसऱ्या हाकेनंतर टेप कट करायची. पुढचं काही नको."

पुढे काही आहे का, यावर काका म्हणाले, आहे थोडं. खुर्चीचा आवाज, कुणीतरी बोलतंय. त्यांनी पूर्ण ऐकलेलं नव्हतं. जुनी टेप, जितकी कमी फिरेल तितकी बरी. सापडली तेव्हा दोन हाका तपासल्या आणि थांबवली.

"आणि इंटरकॉम कुठे कुठे ऐकू येतो?"

"कुठे म्हणजे, सगळीकडे. रंगपटात कर्णा आहे, कपडेपटात आहे. नटांना प्रवेश कळायला हवा ना."

मग दिग्दर्शकांची पाळी आली. त्यांना आपल्याला कुणी प्रश्न विचारतंय हेच सहन होत नव्हतं. इतक्यात छोटी मधे आली. ती शांतपणे म्हणाली की टेप दिग्दर्शकांनीच लपवली असणार. आधी ऐकू दिली नाही, आता हरवली म्हणून रडवायचं, आणि प्रयोगाच्या दिवशी अचानक लावायची. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. कट म्हणतात तो हाच, आणि तो दिग्दर्शकाचाच.

ते मात्र खरोखर दुखावले. असला नीच प्रकार आपण करणार नाही, म्हणाले. आणि मग, माणूस घाबरला की करतो तसं, त्यांनी भलताच तोडगा काढला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हाका काय, प्रॉम्प्टरही विंगेतून मारू शकते. दोनच वाक्यं आहेत.

छोटी वळून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दुसऱ्या कुणी माझी आई होऊन हाक मारली, तर मी त्या रंगमंचावर उभी राहणार नाही," ती म्हणाली. "एवढ्याचसाठी आले होते मी. टेप मिळाली तर मिळाली, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने जाते."

ती रंगपटात गेली आणि बॅग भरायला लागली. नाटकातलीच बॅग, नाटकातल्यासारखीच. फरक एवढाच की आतून कुणी हाक मारत नव्हतं.

५. फाटकापाशी

दुपार कलली होती. मावशी फाटकापाशी जाऊन वॉचमनच्या बाकावर बसली. वॉचमन कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून उभा होता. बसायचा प्रयत्न केला की कळ येते म्हणाला. मावशीने आपले गुडघे पुढे केले, त्याने आपली कंबर, आणि दोघांचं चांगलंच जमलं. मी घड्याळ बघत होते.

मग मावशीने सहज विचारल्यासारखं विचारलं, काल इथून कुणी टेप नेताना पाहिलं का.

"नाही बाई. माझ्यासमोरून कुणी टेप नेली नाही, शपथेवर सांगतो. काल संध्याकाळी मास्टरनी तेवढा टेप नेला. पण तो त्यांचा स्वतःचाच, म्हणून मी काही लिहून घेतलं नाही."

मला हसू आलं. शिंपी टेप घरी नेतो ही काय बातमी झाली? उद्या म्हणाल, मास्टर चष्मा लावून बाहेर पडले. पण मावशी उठून उभी राहिली होती, गुडघे विसरून.

"कंबर कधीपासून दुखतेय तुमची?"

"कालपासूनच की. रिक्षात चढवू लागलो ना मास्टरना."

मावशीने माझा दंड धरला आणि मला आत नेलं. विंगेत आल्यावर तिने विचारलं, "तुला नाटक पाठ आहे ना? या नाटकात टोपी कुणाला आहे?"

मी सगळी पात्रं डोळ्यांसमोरून नेली. बापाला नाही, शेजाऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच.

"कुणालाच नाही."

"मग मास्टर ते निळं गोल काय शिवतायत?"

६. नेली आणि नेला

कपडेपटात आम्ही दोघीच गेलो. मावशीने दार लावून घेतलं आणि माझ्याकडे वळून, मास्टरांना ऐकू जाईल असं पण त्यांना न बोलता, सांगायला सुरुवात केली. घरी एखादा शब्द सोडवताना ती असंच करते.

"सकाळपासून आपण सगळ्यांना एकच प्रश्न विचारला असं तुला वाटलं. पण वायरमनची टेप चिकटते, मास्टरांची मापाची असते, काकांची बोलते. जो तो आपापल्या टेपबद्दल बोलला आणि जो तो खरं बोलला. आज इथे कुणीही खोटं बोललेलं नाही. म्हणून मग मी शब्द सोडला आणि त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघितलं."

मास्टरांची सुई थांबली होती.

"वॉचमन म्हणाला, कुणी टेप नेली नाही, मास्टरनी टेप नेला. नेली आणि नेला. पट्टी ती असते, फीतही ती. मराठीत 'तो टेप' म्हणजे फक्त एकच वस्तू, टेप वाजवायचं यंत्र. मापाची टेप रिक्षात चढवताना कुणाची कंबर धरत नाही. त्या टेबलाखाली जो चौकोन स्वच्छ आहे ना, तिथे यांचा जुना टेप होता. शिवताना गाणी ऐकायचे असणार."

"ऐकायचे," मी म्हटलं. मला एकदम आठवलं, चक्रं फिरणारा तो अवजड डबा. कितीतरी वर्षं लावलेला नव्हता.

"आता, ज्याला वाजवायचं यंत्र हवं त्याच्याजवळ वाजवायला काहीतरी असणार. आणि ज्या शिंप्याकडे एकही वायर नाही त्याला वायरमनची काळी पट्टी कशाला हवी? जो माणूस आपल्या कात्रीने कागद कापू देत नाही, त्याची कात्री आज चिकट आहे. स्वतःच्या कात्रीशी त्याने असं करावं एवढी कुठली वस्तू त्याच्या हातून तुटली?"

ती वळून मास्टरांसमोरच्या स्टुलावर बसली.

"का नेलीत ते मला कळलं मास्टर. कर्ण्यातून ऐकलंत ना? टेप कट करायची."

मास्टरांनी मान हलवली. चष्मा काढून ते पुसत राहिले.

मग मला उमगलं. भोंगाकाकांसाठी कट म्हणजे बटण दाबायचं, बस्स. दिग्दर्शकांच्या तोंडी तो दिवसातून शंभरदा येतो. पण मास्टरांच्या जगात कट म्हणजे कात्री चालते, आणि एकदा चालली की देवाच्या बापाला ते कापड पुन्हा अखंड करता येत नाही. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की दुसऱ्या हाकेनंतरचा तुकडा हे लोक कापून फेकून देणार.

"आणि दुसऱ्या हाकेनंतर काय आहे, ते फक्त तुम्हाला माहीत आहे," मावशी म्हणाली. "काकांनी ऐकलेलं नाही. दिग्दर्शकांनी नाही."

"मी तिथं होतो," मास्टर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे सरकावं लागलं. "पोरगी माझ्या मांडीवर होती. तिची आई काम करायची तेव्हा ती इथंच असायची, कपड्यांच्या ढिगावर झोपायची. त्या दिवशी आवाज भरताना आत रडू नये म्हणून मी घेऊन बसलो होतो. हाका झाल्या. मग ती बोलली. माझ्याशी बोलली. पोरीविषयी." ते थांबले. "मला वाटलं, एकदा ऐकतो, उद्या काकाला सांगून नीट ठेवायला लावतो. एवढंच मनात होतं हो. एकदाच ऐकायचं. घरी नेऊन लावली. आणि नेमकी तिथंच तुटली. ती हसली, आणि तुटली."

"मग सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "ती पोरगी बॅग भरतेय तिकडे."

"काय सांगू? तुझ्या आईचा आवाज माझ्या हातनं फाटला, असं सांगू?" ते म्हणाले. "चिकटवली मी. पण वाजवून बघायचा धीर होईना. पुन्हा तुटली तर."

त्यांनी ते निळं कापड उलगडलं. टोपी नव्हतीच ती. बाजूने दुहेरी शिलाई घातलेली, आतून मऊ अस्तर लावलेली गोल पिशवी, आणि तिच्यात चक्रावर गुंडाळलेली टेप. इतकं बारीक काम मी त्यांच्या हातून राजाच्या अंगरख्यावरही पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांना शिवलं मी," मास्टर म्हणाले. "त्या नाटकात तिला कपडेच नव्हते. नुसता आवाज. आवाजाला काय शिवणार? टाळ्या इतरांना मिळायच्या. पडद्यामागच्या बाईला कुणी वन्स मोरसुद्धा देत नाही. तिला काहीतरी शिवायचं राहूनच गेलं होतं."

 माप जुळलं नाही, असं ते कशाबद्दल म्हणायचे ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

७. वन्स मोर

भोंगाकाकांनी तो जोड पाहिला आणि त्यांना भरून यावं की चिडावं कळेना. "अहो मास्टर, टेपला लावायची टेप ही नव्हे," एवढंच ते म्हणाले. त्यांच्याकडे खास त्याच कामाची पातळ पांढरी पट्टी होती. काळा डिंक पुसून त्यांनी दोन्ही टोकं नीट जुळवली. कडेचा नखाएवढा भाग वाचला नाही. बाकी सगळं होतं, आणि यावेळी पहिल्याच फेरीत प्रत निघेल अशी दुसऱ्या यंत्राची जोडणीही त्यांनी दिग्दर्शकांना न विचारता करून ठेवली.

मावशी दिग्दर्शकांशी काय बोलली मला माहीत नाही. पडद्यामागे ती दोघं उभी होती, ती बोलत होती आणि ते खाली बघत होते. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आधी तालीम नाही. आधी छोटी टेप ऐकेल, पूर्ण, कुठेही न थांबवता. ज्याला बाहेर जायचं असेल त्याने जावं. कुणी गेलं नाही.

छोटी बॅग घेऊनच रंगमंचावर आली. काय झालं होतं ते मी तिला सांगितलं होतं. तिने पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या मास्टरांकडे पाहिलं, त्यांच्यापाशी जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना वर आणलं. ते नको नको म्हणत होते. आयुष्यभर कपडेपटात काढलेला माणूस, उजेडात उभं कसं राहायचं तेही त्यांना सुचेना. तिने त्यांना नाटकातल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायांशी खाली बसली.

टेप सुरू झाली. आधी नुसती खरखर.

"आलीस का गं?"

आवाज तरुण होता. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. छोटीची आई छोटीपेक्षा लहान होती. आम्ही सगळे एका म्हाताऱ्या आईची वाट बघत होतो आणि आली ती एक पोरगेलीशी बाई, जिच्या आवाजात दम कमी आणि माया जास्त होती. छोटीने दोन्ही हात तोंडावर धरले.

"अगं, आलीस का?"

इथे मुलीचं वाक्य आहे: आले, आई. ते ती बोलली नाही. शब्द माझ्या ओठांवर तयार होते, कामच आहे माझं. पण मी ते गिळले. शेजारी मावशीने माझा हात घट्ट धरला होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती हसली, आणि हसण्याच्या मध्ये एक बारीकशी टिचकी वाजली, जिथे तुटलं होतं तिथे. हसू पुढे तसंच चालू राहिलं.

"मास्टर, छोटी उठली का हो? आणा तिला इकडे. बघू, माझ्या आवाजाने उठली का गं माझी सोनी? घाबरलीस? नाही गं, तुला नव्हते रागवत. ते नाटकातलं होतं. तुला कशाला मी ओरडून बोलावीन, तू तर इथेच आहेस."

मास्टर हुंदका आवरत होते, तो आवरत नव्हता. टेपवर तान्ह्या मुलाचा 'अं' असा एक आवाज आला. छोटीने मान वर करून मास्टरांकडे पाहिलं, आणि त्यांनी हो म्हणून मान हलवली. तो तिचा होता.

मग बाईचा आवाज थोडा लांब गेला. ध्वनिखोलीतल्या कुणाला तरी तिने विचारलं, कामाच्या सुरात, अगदी सहज.

"ठीक आलं ना? का वन्स मोर घ्यायचं?"

टेप संपली. शेपटाचं टोक चक्रावर फटफट आपटत राहिलं. काकांना यंत्र बंद करायचं सुचलं नाही. तिने विचारलं होतं ते ध्वनिमुद्रणाबद्दल, पुन्हा एकदा बोलू का म्हणून. पण त्या हॉलमध्ये, त्या खुर्च्यांसमोर, त्या दोन शब्दांचा एकच अर्थ होऊ शकत होता.

"वन्स मोर," छोटी म्हणाली.

हे वाक्य नाटकात नाही आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. मास्टर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि वर काचेकडे बघून त्यांनीही तेच म्हटलं. मग वायरमन, मग दिग्दर्शक, मग माझी मावशी, माझ्या आईच्या आवाजात. भोंगाकाकांनी चष्मा पुसला आणि टेप मागे फिरवली.